विश्लेषण : स्वभावावरून करिअर ठरते का? आणि राजकीय मतही?

दहावीच्या कलचाचणीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत आणि तिथून निवडणूक प्रचारापर्यंत व्यक्तिमत्त्व चाचण्या पोहोचल्या आहेत. त्यामागचे विज्ञान नेमके काय सांगते?

‘हा मुलगा अबोल आहे, सेल्समध्ये टिकणार नाही.’ ‘ती शिस्तीची आहे, बँकेच्या परीक्षा द्यायला सांगा.’ दहावी-बारावीचे निकाल लागले की अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात. पूर्वी हा सल्ला काका-मामा द्यायचे. आता मोबाइलवरची दहा मिनिटांची चाचणी देते आणि सोबत चार इंग्रजी अक्षरांचा एक ‘टाइप’ही हातात ठेवते. समाजमाध्यमांवर याच्या पुढची पायरीही दिसते. अमुक स्वभावाची माणसे डावीकडे झुकतात, तमुक स्वभावाची उजवीकडे, असे दावे ‘संशोधनाने सिद्ध’ या शिक्क्यासह फिरत असतात.

या दाव्यांत तथ्य आहे, पण ते सांगितले जाते तेवढे नाही. स्वभावाचा कामाशी संबंध आहे, राजकीय मतांशीही आहे. मात्र दोन्ही ठिकाणी तो संबंध किती घट्ट आहे आणि कोणामुळे कोण घडते, याची उत्तरे गुंतागुंतीची आहेत. सोळाव्या वर्षी शाखा निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि मतदानाला जाणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

स्वभाव मोजण्याची कल्पना कुठून आली?

माणसांचे स्वभावानुसार गट पाडणे जुने आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात शरीरातील चार द्रवांवरून चार स्वभाव मानले जात. आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त, कफ अशी प्रकृतीची मांडणी केली. ‘पित्तप्रकृतीचा माणूस’ म्हटले की तापट माणूस डोळ्यांसमोर येतो, तो याच परंपरेतून.

आधुनिक काळातील सर्वांत लोकप्रिय वर्गीकरण म्हणजे ‘मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर’, अर्थात एमबीटीआय. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचे व्यक्तिमत्त्व प्रकारांवरील पुस्तक १९२१ मध्ये आले. त्याच्या आधारे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ही प्रश्नावली विकसित केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक महिला पहिल्यांदाच नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या. त्यांना स्वभावाला साजेसे काम शोधता यावे, हा इसाबेल यांचा एक हेतू होता. म्हणजे या चाचणीचे करिअरशी नाते जन्मापासूनचे आहे. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते, हेही नोंदवायला हवे.

पुढे १९७८ मध्ये डेव्हिड किर्सी यांनी या १६ प्रकारांची चार स्वभावगटांत मांडणी केली आणि प्रत्येक गटाला कोणती कामे जमतात याचे वर्णन केले. आज इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक ‘टाइप’ चाचण्यांचे मूळ या दोन मांडण्यांत सापडते.

या चाचण्यांवर आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप सातत्याचा. वजनकाट्यावर सकाळी ६० किलो आणि संध्याकाळी ८० किलो दिसले, तर दोष काट्याचा असतो. एमबीटीआयबाबत डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. अवघ्या पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली, तरी सुमारे निम्म्या लोकांचा ‘टाइप’ बदललेला आढळू शकतो, असे त्यातून पुढे आले.

हे का होते, ते उंचीच्या उदाहरणावरून समजते. समजा, १६५ सेंटिमीटरवर रेघ मारली आणि खालचे सगळे ‘बुटके’ व वरचे सगळे ‘उंच’ ठरवले. मग १६४ आणि १६६ सेंटिमीटरची दोन माणसे वेगवेगळ्या गटांत जातील, तर १६६ आणि १९० सेंटिमीटरची माणसे एकाच गटात बसतील. स्वभावाचेही असेच आहे. पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख माणसे थोडी, बहुतेक जण मधल्या पट्ट्यात असतात. मध्यावर रेघ मारली की त्या दिवशीच्या मनःस्थितीनुसार माणूस या बाजूला किंवा त्या बाजूला पडतो.

दुसरा प्रश्न असा, की मग निकाल वाचताना ‘अगदी माझेच वर्णन’ असे का वाटते? बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. कोणालाही लागू पडेल असे वर्णन आपल्याला खास आपलेच वाटते. राशिभविष्य आणि बऱ्याच ऑनलाइन चाचण्या याच आधारावर चालतात.

मग संशोधक काय वापरतात?

विद्यापीठीय संशोधनात सध्या ‘बिग फाइव्ह’ म्हणजे पाच गुणांची मांडणी सर्वाधिक वापरली जाते. तिची सुरुवात शब्दकोशातून झाली. माणसाच्या स्वभावातले महत्त्वाचे फरक भाषेत उतरलेले असणारच, या विचाराने गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले. पुढच्या काही दशकांत सांख्यिकी पद्धतींनी या शब्दांची गाळणी झाली आणि पाच मोठे गट हाती लागले :

• नवतेची ओढ : नवे अनुभव, नव्या कल्पना, कला यांचे आकर्षण
• शिस्तशीरपणा : नीटनेटकेपणा, जबाबदारी, हाती घेतलेले काम तडीस नेणे
• बहिर्मुखता : माणसांत रमणे, उत्साह, पुढाकार
• सौजन्य : इतरांशी जुळवून घेणे, सहानुभूती
• भावनिक अस्थैर्य : लवकर चिंता वाटणे, मन विचलित होणे

यात कोणी कप्प्यात बसत नाही. प्रत्येक गुणाची एक पट्टी असते आणि तिच्यावर प्रत्येकाची जागा वेगळी असते. वरच्या उदाहरणात सांगायचे, तर इथे ‘उंच की बुटका’ असे विचारत नाहीत, उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात.

ही मांडणीही सर्व समाजांना सारखी लागू पडते असे नाही. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती आणि शिकार करणाऱ्या आदिवासी समाजात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाच गट स्पष्ट दिसले नाहीत. सर्वाधिक अभ्यास शिकलेल्या, शहरी, पाश्चात्त्य लोकांवर झालेले आहेत, हे निष्कर्ष वाचताना विसरता येत नाही.

स्वभाव आणि करिअर : नाते किती पक्के?

इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. एक, काम चांगले होईल का? दोन, काम आवडेल का?

पहिल्या प्रश्नावरचा गाजलेला अभ्यास मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांचा आहे. १९९१ मध्ये त्यांनी ११७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्री प्रतिनिधी आणि कुशल कामगार असे गट होते. सर्व गटांत कामगिरीशी सातत्याने जोडलेला एकच गुण आढळला, तो म्हणजे शिस्तशीरपणा. बहिर्मुखतेचा उपयोग विक्री आणि व्यवस्थापन या माणसांशी थेट संबंध येणाऱ्या कामांत दिसला.

मात्र, या संबंधाची ताकद पाहायला हवी. शिस्तशीरपणा आणि कामगिरी यांचा सहसंबंध साधारण ०.२२ इतका निघाला. सहसंबंधाची पट्टी उणे एक ते अधिक एक अशी असते. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, अधिक किंवा उणे एक म्हणजे तंतोतंत संबंध. ०.२२ चा व्यवहारातला अर्थ असा : कोणतेही दोन कर्मचारी घेतले आणि ‘जास्त शिस्तशीर तो कामात सरस’ असा अंदाज बांधला, तर १०० जोड्यांपैकी सुमारे ५७ वेळा तो बरोबर येईल. नाणे उडवून ५० वेळा आलाच असता. हजारो उमेदवारांची भरती करणाऱ्या कंपनीला हा फरक उपयोगी पडतो. एका मुलाचे भवितव्य ठरवायला तो अपुरा आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी आजही वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना, कामांच्या निवडीचे काही ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा दिसतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९५९ मध्ये त्यांनी सिद्धान्त मांडला. पुढे तो सहा प्रकारांच्या रूपात स्थिरावला : हातांनी प्रत्यक्ष काम करणारे, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि नियमबद्ध काम आवडणारे. इथे ‘तुम्ही कसे आहात’ यापेक्षा ‘तुम्हाला काय करायला आवडते’ याला महत्त्व आहे. मराठीत ज्याला आपण ‘कल’ म्हणतो, तो हाच.

महाराष्ट्रातील कलचाचणी काय होती?

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा आणि कला-मानव्यविद्या अशा क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कुठे आहे, हे त्यातून पाहिले जाई. लाखो विद्यार्थ्यांना आपल्या आवडीचा असा लेखी अहवाल पहिल्यांदाच मिळाला. ग्रामीण भागात खासगी समुपदेशकाची फी परवडत नाही आणि अनेकदा असा समुपदेशक जवळपास नसतोच. तिथल्या मुलांसाठी ही छोटी गोष्ट नव्हती. पुण्यात १९६२ पासून काम करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेनेही मानसशास्त्रीय चाचण्यांची परंपरा जपली आहे.

मात्र, इथे वयाचा मुद्दा येतो. बारा ते चाळीस या वयोगटातील आवडी किती टिकून राहतात, याचा मोठा एकत्रित अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आवडी एकंदरीत बऱ्यापैकी टिकाऊ असतात, असे त्यात दिसले. पण त्यांच्या स्थैर्यात ठळक वाढ होते ती अठरा ते बावीस या वयात, म्हणजे महाविद्यालयीन वर्षांत. आपल्याकडे शाखेचा निर्णय होतो तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी. आवड पक्की होण्याच्या आधीच रस्ता पक्का केला जातो. त्यामुळे दहावीतील कल अहवालाकडे त्या वेळची नोंद म्हणून पाहणे योग्य. त्यावरून आयुष्यभराचा निवाडा करता येत नाही.

माणूस काम निवडतो की काम माणसाला घडवते?

दोन्ही. यावरचा एक चांगला पुरावा जर्मनीतून आला. तिथे सक्तीची लष्करी सेवा होती तेव्हा तरुणांना लष्कराऐवजी रुग्णालये, वृद्धाश्रम अशा ठिकाणी नागरी सेवा करण्याचा पर्याय होता. संशोधकांनी शाळेपासून या तरुणांचा माग ठेवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, लष्कर निवडणाऱ्यांचा स्वभाव आधीपासूनच थोडा वेगळा होता. त्यांच्यात सौजन्य आणि नवतेची ओढ तुलनेने कमी होती, चिंताही कमी होती. आणि सेवेनंतर, नागरी सेवा केलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या सौजन्यात कमी वाढ झाली. हा फरक लष्कर सोडून काही वर्षे उलटल्यावरही टिकून होता.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हणही पूर्ण खरी नाही. २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. वय वाढते तसा, विशेषतः वीस ते चाळीस या काळात, माणसांचा शिस्तशीरपणा आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढते, असे त्यात आढळले. नोकरी, संसार, जबाबदाऱ्या यांचा त्यात वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. कॉलेजमध्ये बेशिस्त म्हणून बोलणी खाणारा मुलगा तिशीत वेळेवर हप्ते भरतो, हे आपण आसपास पाहतोच.

राजकीय मते आणि स्वभाव : संशोधन काय सांगते?

या विषयाचा आधुनिक इतिहास दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होतो. हुकूमशाहीला पाठिंबा देणाऱ्यांचा काही खास स्वभाव असतो का, या प्रश्नावर थिओडोर अडोर्नो आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ १९५० मध्ये आला. त्यातली प्रश्नावली गाजली आणि तिच्यातला दोषही गाजला. सगळी विधाने अशी लिहिली होती, की ‘सहमत’ म्हटले की गुण वाढत. त्यामुळे सगळ्यालाच मान डोलावणारा माणूसही हुकूमशाहीकडे झुकलेला ठरे.

नंतरच्या संशोधनातून दोन गोष्टी वारंवार पुढे आल्या. नवतेची ओढ जास्त असलेले लोक उदारमतवादी बाजूला आणि शिस्तशीरपणा जास्त असलेले परंपरावादी बाजूला थोडे अधिक आढळतात. २००८ मधील एका अमेरिकी अभ्यासात तर लोकांच्या खोल्या पाहण्यात आल्या. परंपरावादी मतांच्या लोकांच्या खोल्यांत कॅलेंडर, टपाल तिकिटे, सुई-दोरा अशा व्यवस्थितपणा दाखवणाऱ्या वस्तू अधिक दिसल्या. उदारमतवादी मतांच्या लोकांकडे नाना विषयांची पुस्तके, प्रवासाच्या वस्तू, नकाशे, कलासाहित्य अधिक होते.

ऐकायला हे रंजक आहे, पण पुन्हा आकड्यांकडे वळावे लागते. क्रिस सिब्ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७३ अभ्यासांचे, जवळपास ७२ हजार लोकांचे एकत्रित विश्लेषण केले. नवतेची ओढ आणि परंपरावाद यांचा सहसंबंध उणे ०.१८ निघाला. शिस्तशीरपणाचा फक्त ०.१०. वरच्याच हिशेबाने पाहिले, तर नवतेच्या ओढीवरून दोघांपैकी कोण अधिक परंपरावादी हे ओळखायला गेल्यास १०० पैकी सुमारे ५६ वेळा अंदाज बरोबर येईल आणि शिस्तशीरपणावरून सुमारे ५३ वेळा. संबंध खरा आहे, पण एवढ्यावरून शेजाऱ्याचे मत ओळखता येणार नाही.

गाजलेले दावे पुढे टिकले का?

काही टिकले नाहीत, आणि या विषयात ते जाणून घेणे सर्वांत उपयोगी आहे.

२००८ मध्ये ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील ४६ जणांचा अभ्यास आला. भीतिदायक चित्रे आणि अचानक मोठा आवाज यांवर परंपरावादी धोरणांच्या समर्थकांची शारीरिक प्रतिक्रिया अधिक तीव्र असते, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभरातील वृत्तपत्रांनी तो उचलला. पुढे अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये अधिक लोकांवर हाच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा तसा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०२० मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना पहिल्या बातमीएवढी प्रसिद्धी मात्र मिळाली नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ब्रॅड व्हरहल्स्ट, लिंडन ईव्ह्ज आणि पीटर हातेमी यांनी जुळ्यांच्या माहितीच्या आधारे २०१२ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. स्वभावामुळे राजकीय मत घडते असे दिसत नाही, दोन्हींमागे काही समान आनुवंशिक कारणे असावीत, असा त्याचा मुख्य मुद्दा होता. सोबत कोणता गुण कोणत्या विचारसरणीकडे झुकतो, याचेही वर्णन होते. चार वर्षांनी दुरुस्ती प्रसिद्ध झाली : माहितीच्या नोंदणीत उदारमतवादी आणि परंपरावादी यांची अदलाबदल झाली होती. ज्या गुणांचा संबंध एका गटाशी जोडला होता, तो प्रत्यक्षात दुसऱ्या गटाशी होता. मुख्य निष्कर्षावर याचा परिणाम होत नाही, असे लेखकांनी स्पष्ट केले. पण मधल्या चार वर्षांत उलटे वर्णन अनेकांनी खरे म्हणून वापरले होते.

जुळ्यांवरील संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे. जॉन अल्फर्ड, कॅरोलिन फंक आणि जॉन हिबिंग यांनी २००५ मध्ये दाखवले, की सामाजिक प्रश्नांवरील मतांत आनुवंशिकतेचा वाटा दिसतो. माणूस कोणता पक्ष आपला मानतो, यात मात्र घरातल्या संस्कारांचा प्रभाव मोठा असतो.

व्यवसाय आणि राजकारण यांचाही संबंध आहे का?

अमेरिकेत राजकीय देणग्यांच्या नोंदी सार्वजनिक असल्याने हे तपासता येते. १९९१ ते २०१२ या काळातील डॉक्टरांच्या देणग्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शल्यचिकित्सकांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे, तर बालरोगतज्ज्ञांचा डेमोक्रॅटिक पक्षाकडे अधिक दिसला. शिक्षण एकच, पदवी एकच, तरी मते वेगळी.

याचे श्रेय लगेच स्वभावाला देता येत नाही. अमेरिकेत शल्यचिकित्सकांचे उत्पन्न बालरोगतज्ज्ञांपेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे करांबद्दलचे मत वेगळे असू शकते. शल्यचिकित्सेत पुरुषांचे आणि बालरोग विभागात महिलांचे प्रमाण अधिक आहे. रोज समोर येणारे रुग्णही वेगळे. म्हणजे स्वभाव, उत्पन्न, लिंग, सहकारी आणि कामाचा अनुभव या सगळ्यांचा एकत्रित परिणाम मतावर होतो. त्यातून एकट्या स्वभावाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते.

भारतात हे निष्कर्ष लागू पडतात का?

थेट नाही. याचे कारण ‘डावे-उजवे’ या शब्दांचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. १९९२ मधील एका अभ्यासानुसार, अमेरिकेत अधिकारशाहीकडे झुकणारे लोक भांडवलशाहीचे समर्थक असतात, तर सोव्हिएत संघात त्याच स्वभावाचे लोक साम्यवादी व्यवस्थेचे समर्थक होते. जी व्यवस्था रुळलेली आहे ती त्यांना हवी होती. ती डावी की उजवी, हा प्रश्न नंतरचा. २०१४ मध्ये ५१ देशांतील माहितीवर आधारित अभ्यासातही असेच चित्र दिसले. सुरक्षिततेची गरज जास्त असलेले लोक संस्कृतीच्या बाबतीत परंपरावादी असले, तरी आर्थिक बाबतीत अनेकदा सरकारी संरक्षणाच्या, म्हणजे डाव्या बाजूचे होते.

भारतातील राजकारणाबाबत प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ च्या पुस्तकात मांडले, की इथल्या वैचारिक रेषा पाश्चात्त्य डाव्या-उजव्यापेक्षा वेगळ्या आहेत. सरकारने समाजात किती हस्तक्षेप करावा आणि मागे राहिलेल्या समूहांना खास सवलती द्याव्यात का, या दोन प्रश्नांभोवती त्या फिरतात. जात, प्रदेश, भाषा, शेतमालाचा भाव, स्थानिक उमेदवार हे घटक त्यात मिसळतात. पाच गुणांच्या पट्टीवर यातले काहीच मोजले जात नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातले उदाहरण घेता येईल. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये नागपुरात झाली. राष्ट्र सेवा दलाची उभारणी १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाली. दोघांचे विचार परस्परविरोधी. पण शाखा, वेळेची शिस्त, कवायत, समूहगीते, वैयक्तिक साधेपणा यांचा आग्रह दोन्हीकडे होता. शिस्तप्रिय, सेवाभावी तरुण दोन्हीकडे गेले. कोण कुठे गेला, हे ठरण्यात गल्लीत कोणती शाखा भरत होती, शिक्षक कोण होते आणि घरी कोणते वर्तमानपत्र येत होते, याचा वाटा स्वभावापेक्षा लहान मानता येणार नाही.

या चाचण्यांतून धोका कोणता?

धोका दोन प्रकारचा आहे. पहिला, शिक्का बसण्याचा. ‘तू इंट्रोव्हर्ट आहेस’ हे वाक्य वारंवार ऐकलेला विद्यार्थी गटचर्चेला जाणेच टाळतो आणि चाचणीचा निकाल स्वतःच खरा करून दाखवतो. नोकरीतही तेच. एमबीटीआयचा वापर उमेदवार निवडण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी करू नये, असे ही चाचणी प्रसिद्ध करणारी कंपनीच सांगते. तरीही मुलाखतीत ‘तुमचा टाइप कोणता’ हा प्रश्न विचारला जातो.

दुसरा धोका माहितीचा. २०१३ मध्ये संशोधकांनी ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइक्सचा अभ्यास केला. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन समोर असेल, तर केवळ लाइक्सवरून कोण कोणता हे ८५ टक्के वेळा ओळखता आले. वरचा ५६ चा आकडा इथे आठवावा. तुलना तंतोतंत नाही, पण अर्थ स्पष्ट आहे. पक्ष ओळखण्यासाठी स्वभावापेक्षा डिजिटल पाऊलखुणा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

त्यानंतर केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण घडले. व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले, पण त्यांच्या मित्रयादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकने २०१८ मध्ये सांगितले. भारतात हे ॲप घेणारे होते फक्त ३३५ आणि माहिती गेलेली असू शकेल असे वापरकर्ते सुमारे ५ लाख ६२ हजार. म्हणजे बहुतेकांनी चाचणी दिलीच नव्हती. सीबीआयने जानेवारी २०२१ मध्ये याप्रकरणी गुन्हा नोंदवला. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला तो २०२३ मध्ये.

मग चाचणी द्यावी की नाही?

द्यायला हरकत नाही, पण काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• निकाल ‘प्रकार’ सांगतो की पट्टीवरची जागा, ते पाहावे. पट्टी सांगणारी चाचणी अधिक विश्वासार्ह असते.
• महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा द्यावी. उत्तर बदलले, तर त्यावर मोठा निर्णय घेऊ नये.
• करिअरसाठी स्वभावापेक्षा आवडीची चाचणी अधिक कामाची. तिच्या जोडीला गुण, क्षमता, खर्च आणि प्रत्यक्ष काम पाहण्याचा अनुभव हवाच. एखाद्या वर्कशॉपमध्ये, रुग्णालयात किंवा दुकानात घालवलेले आठ दिवस बरेच काही सांगून जातात.
• समुपदेशकाला चाचणीचे नाव आणि ती भारतीय विद्यार्थ्यांवर तपासली आहे का, हे विचारावे. हा प्रश्न विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.
• मोफत ऑनलाइन चाचणी संपर्कयादी, छायाचित्रे किंवा समाजमाध्यमांचे लॉगिन मागत असेल, तर तिथेच थांबावे.
• एखाद्याच्या स्वभावावरून त्याचे राजकीय मत, किंवा मतावरून त्याचा स्वभाव ठरवू नये. शंभरातले चव्वेचाळीस अंदाज चुकतात.

शेवटचा मुद्दा निवडणुकीच्या दिवसांत अधिक महत्त्वाचा ठरतो. विरोधी मताचा माणूस ‘जन्मतःच तसा’ आहे असे एकदा मानले, की त्याच्याशी बोलण्याचे कारणच उरत नाही. आतापर्यंतचे संशोधन त्या समजुतीला आधार देत नाही. माणसाचे मत घर, शेजार, काम, उत्पन्न आणि अनुभव यांतून घडते, स्वभाव त्यातला एक घटक असतो. आणि तो स्वभावही वयानुसार बदलत जातो.